छातीवरची दोन अक्षरं

"अंगावर कुठं गोंदवलंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई मॅडम," जालिंदर चटकन म्हणाला.

कुणी मिरचीपूड टाकावी तसे त्याचे दोन्ही डोळे लालबुंद झाले होते. उजेड सोसवत नव्हता, समोरचं सगळं धुरकट. घोडेगावच्या दवाखान्यात तातडीच्या खोलीपर्यंत त्याला हाताला धरून आणलं ते त्याच्या आईनं, बानूबाईनं. डोळे आलेत म्हणून बायको लेकरं घेऊन माहेरी गेली, भाऊ गोकुळ दाराबाहेरूनच बोलला. आलेल्या डोळ्यांकडं बघितलं की आपलेही येतात, हे सगळ्यांना पाठ. बानूबाई मात्र गोकुळच्या घरून उठून आली आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघत बसली.

आई दोघा भावांत पाळीनं वाटलेली. दिवाळीपासून पाळी जालिंदरची. पण फरशीचं काम चाललंय म्हणून त्यानं ती गोकुळवर ढकलली. फरशी कधीच बसली होती.

"हे डोळे येणं नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतून सूज आहे. कधीकधी गोंदणाच्या शाईनंही होतं असं. लपवाल तर नजर जाईल."

जालिंदरनं खाली मान घालून शर्टाची बटणं काढली. छातीवर काळी, ठसठशीत दोन अक्षरं: आई. मदर्स डेला मंचरात जाऊन गोंदवलेली. फोटो स्टेटसला टाकला, बदामावर बदाम आले. जिच्यासाठी गोंदवलं तिला सांगायचं तेवढं राहिलं. आता ती अक्षरं टरारून फुगली होती.

"तुमच्या शरीराला हे सोसत नाहीये," असं म्हणत डॉक्टरीणबाई पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहू लागल्या.

बानूबाई शाळेची पायरी चढलेली नव्हती. ती वाकून बघू लागली.

"काय लिव्हलंय रं ह्ये?"

जालिंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनच अक्षरं, पण तिच्यापुढं ती तोंडातून निघेनात.

"बिरोबाचं नाव हाय," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

बानूबाईनं पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. त्या फुगलेल्या अक्षरांना हळूच बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

"देवाला जागा दिलीस, लई बरं केलंस लेकरा."