मूल : नाही

सौसरच्या तहसिलीत श्रीधरबाबूचं बोट जुन्या वहीवर थांबलं आणि कवडूबाबा पुढं वाकला.

"बाबाजी, तुमच्या गावची एकेचाळीसच्या खानेसुमारीची हेच वही उरली. घर नंबर अकरा, तुमच्या बापाचं. मूल, नाही. घर नंबर बारा, गोदी दाई. पोरगा कवडू, वय दोन." त्यानं चष्मा वर सरकवला. "कागदावर तं तुम्ही दाईचे पोरगे होऊन राहिले. अन् दाईची जात दुसरी."

शेजारी बसलेल्या नातीचं, करुणाचं, तोंड उतरलं. पन्नासच्या आधीचा पुरावा नाही तर जातीचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर नर्सिंगची सीट गेली. उद्या शेवटची तारीख.

"आबा, हे काय आहे?"

काय सांगणार म्हातारा! तरी सांगितलं. घर नंबर अकरातल्या जनाबाईची चार लेकरं पाळण्यातच गेली होती. पाचवं झालं तसं तिनं ते एका कवडीला दाईला विकलं. मरणाला वाटावं, हे हिचं नव्हेच! म्हणून नाव कवडू. दूध पाजायची जनाबाई, निजवायची जनाबाई. पण मोजणारा दारात आला, लेकरं किती म्हणून त्यानं विचारलं, तर बाई भ्याली. मोजलेलं लेकरू राहत नाही, ही तिची पक्की समजूत. "नाही जी," म्हणाली. त्यानं तसं लिहून घेतलं, आणि शेजारच्या घरी दाईनं कवडू आपला म्हणून सांगितला.

"मंग सोपं आहे," सगळं ऐकून श्रीधरबाबू म्हणाला. "शपथपत्रावर खरं काय ते सांगा अन् सही करा."

सोपं म्हणे! कवडूबाबा म्हणजे नागपूरला पायी जाऊन बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. कोणी दाराला लिंबू-मिरची टांगली की हा खो खो हसायचा. शहाऐंशी वर्षं मरणापासून लपवलेली गोष्ट सरकारी कागदावर सांगायची, तीही सहीनिशी? भ्याला. या वयात मरणाला काय भ्यायचं, असं स्वतःला दटावूनही भ्याला.

"नाही केली सही तं?"

"तं पोरगी घरीच बसून राहीन."

"जाऊ द्या, आबा," करुणा म्हणाली. "घरी चाला." आणि तिनं ओढणीनं डोळे पुसले.

म्हातारा उठला नाही. "लिवा," तो म्हणाला.

"मायचं नाव?"

जनाबाई जिवंत होती तोवर त्यानं तिला काकूच म्हटलं होतं. तिनंच तसं शिकवलं होतं. चुकून दुसरं काही तोंडून निघालं, तर गालावर चापट बसायची आणि मग ती स्वतःच रडत बसायची.

"जनाबाई," तो म्हणाला. "जनाबाई माही माय होय."

आणि कोणी ऐकलं तर नाही, म्हणून त्यानं मागं दाराकडे पाहिलं.