टाचेपुरता कागद

मिठाच्या पाण्यात सोडलेलं अंडं बुडालं नाही, पण फारसं वरही आलं नाही. दिलनोझाने घंगाळावर वाकून पाहिलं. अंड्याचा नाण्याएवढा माथा तेवढा पाण्याबाहेर होता.

"शंभराच्या नाण्याएवढा दिसतोय. पाचशेच्या एवढा हवा," मागून योसूकरीण म्हणाली. "एवढ्याशा मिठात उन्हाळ्यात किडे पडतील."

चांद्र पंचांगातल्या पहिल्या महिन्यातला घोड्याचा दिवस होता, म्हणजे जांग हा स्वयंपाकाचा खारट मसाला घालायचा दिवस. सभागृहामागच्या अंगणात गावच्या बायका जमल्या होत्या. आंबवून वाळवलेल्या सोयाबीनच्या ढेपा मोठ्या रांजणात रचून झाल्या होत्या. आता त्यावर मिठाचं पाणी ओतायचं. सभागृहात वर्षभर जे जे शिजतं त्याला चव या रांजणातूनच येते. जांग बिघडलं की घर बुडतं म्हणतात. इथे तर अख्ख्या गावाचं पोट होतं.

तेवीस वर्षं हा रांजण नामवनकरीण आजींनी भरला. या हिवाळ्यात त्यांच्या हातातला चमचासुद्धा सांडायला लागला, तेव्हा त्यांनी मिठाची पिशवी दिलनोझापुढे सरकवली. आठ वर्षं तीच त्यांच्या हाताखाली होती. योसूकरणीला ते पटलं नव्हतं. पोरगी कामाची आहे, पण परका हात लागला की जांग रुसतं, असं ती चार घरी जाऊन सांगून आली होती.

या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावाने हाक मारतात. नामवनची ती नामवनकरीण, योसूची ती योसूकरीण. स्वतःचं नाव दवाखान्याच्या कार्डावर असतं, तेवढंच. दिलनोझा मात्र अजूनही 'परदेशी सूनबाई' होती.

हामयांगकरीण म्हणाली, शंभराचंच नाणं बरोबर, तिच्या माहेरी डोंगरात तेवढंच घालतात. योसूकरीण म्हणाली, डोंगरातल्यांना मीठ कधी बघायला मिळालं? त्यांची जीभच फिकी. त्यावर हामयांगकरीण शांतपणे म्हणाली, समुद्राकाठच्यांची तहान भागली की मग चवीचं बोलू.

"तुझं नको, माझं नको. आपल्या गावची रीत काय ते बघा," योसूकरीण म्हणाली. "मूळची."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मूळची त्यांच्यातली एकही नव्हती.

जेवणाला उशीर का, हे बघायला सरपंच चू तेवढ्यात डोकावले. त्यांचा जन्म याच गावातला. सगळ्यांनी त्यांना घेरलं. ते म्हणाले, मी जन्मापासून जांग खातोच आहे, घालायचं कसं ते आईला ठाऊक, आणि आई जिंजूची. मग जेवणाचा विषय न काढताच त्यांनी पाय काढता घेतला.

उपड्या टोपल्यावर उन्हात बसलेल्या आजींनी विचारलं, "तुझ्या माहेरी कसं करतात गं?"

"समरकंदला जांग नसतं, आजी." दिलनोझाचे हात गारठ्याने लाल झाले होते. "मला दुसरी रीत येतच नाही. तुमची तेवढी येते."

तिने घंगाळ आजींजवळ ओढलं, त्यांचा कापरा हात धरला आणि अंगठा अंड्यावर टेकवला. पाण्याबाहेरचा माथा अंगठ्याखाली बरोबर झाकला गेला. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

योसूकरणीने वाकून बघितलं आणि मिठाची पिशवी बाजूला सरकवली.

"मग थांबलीस कशाला?" आजी म्हणाल्या. "ओत की."

दिलनोझाने पाणी ओतलं. पेटता कोळसा आत टाकला, तो चुरचुरला. लाल मिरच्या वर तरंगल्या. रांजणाच्या तोंडाला कापड बांधलं, गळ्याला पेंढ्याची दोरी आवळली.

आता मोजा राहिला. कागदाचा मोजा रांजणाच्या पोटावर उलटा चिकटवतात, बोटं आभाळाकडे. जे काही वाईटसाईट रांजणाकडे येतं ते त्यात शिरतं आणि अडकून पडतं. मोजा जांग घालणारीच्या पायाचा असावा लागतो. योसूकरणीने तो घरूनच कापून आणला होता, आजींच्या इवल्याशा पायाच्या मापाचा.

आजींनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला, छान कापलाय म्हणाल्या आणि मांडीखाली ठेवून दिला. मग औषधाच्या दुकानातल्या छोट्या कॅलेंडरचं एक पान उपडं करून फरशीवर पसरलं.

"बूट काढ," त्या दिलनोझाला म्हणाल्या.

तिच्या मापाची बायकी पादत्राणं त्या तालुक्यात मिळत नाहीत, ती नवऱ्याचे रबरी बूट घालते. तिने बूट काढून पाय कागदावर ठेवला. बोटं वरच्या कडेला टेकली आणि टाच पानाबाहेर फरशीवर आली.

आधी हामयांगकरीण फिस्सकन हसली, मग सगळ्याच. एक म्हणाली, वाईट शिरेल खरं, पण एवढ्या जागेत ते संसार थाटेल. दिलनोझाही हसली. मग हळूच पाय मागे घेत म्हणाली की राहू दे, आजींचाच मोजा लावू या.

योसूकरीण तेवढी हसली नाही. ती तरातरा सभागृहात गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलेल्या महिन्याचं पान फाडून, खळीची वाटी घेऊन आली. गुडघे मोडत ती खाली बसली. दिलनोझाचा मागे गेलेला पाय तिने ओढून पुन्हा कागदावर ठेवला आणि टाचेखाली आणलेल्या पानाचा जोड सरकवला.

"टाच उघडी ठेवून चालतं होय? आत शिरलेलं सगळं तिथून बाहेर पडेल," ती पुटपुटली. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून तिने दिलनोझाचा घोटा घट्ट धरला.

"समरकंदकरीण, हलू नकोस."