टेपचं टोक

“टोक भिंतीला टेकलं का?” पलीकडून साहेबांनी विचारलं.

चिमीने टेपचं टोक मुठीत घट्ट धरलं. केस पांढरे व्हायला लागले तरी घरात ती अजून चिमीच होती. भिंत आणि वडिलांनी लावलेली झुडपं यांच्या मधल्या फटीत ती अंग चोरून उभी होती. पानं इतकी दाट, की साहेब तिला दिसत नव्हते आणि तिचे हात साहेबांना. पानांतून आत आलेली टेप तेवढी दिसत होती. आणि खाली, जिथे पानं विरळ झाली होती, तिथून दादाचा बूट. सकाळी त्याने स्वतःच ठोकलेल्या हद्दीच्या खुंटीवर त्याची टाच होती.

साहेब नगरपालिकेचे. वडिलांच्या मागे घराची जागा दोघा भावंडांत वाटायची होती, आणि नियम असा, की नव्या हद्दीच्या दोन्ही अंगांना झाडांसाठी पट्टा मोकळा सोडायचा. पट्ट्यात झाड चालेल, भिंत चालणार नाही. आईची मागची खोली चिमीच्या वाट्यात होती, आणि होती ती हद्दीला खेटून. अंतर भरलं तर खोली राहील. नाही भरलं तर पाडावी लागेल. वडील गेल्यापासून आई त्या खोलीबाहेर फारशी येत नसे. ताटसुद्धा तिथेच न्यावं लागे.

साहेब एकटेच फिरत आणि टेपचं एक टोक घरच्याच माणसाच्या हातात देत. दादाने ही माहिती आधीच काढून ठेवली होती.

“भिंतीला लावायचंच नाही,” त्याने सकाळी चिमीला बाजूला घेऊन सांगितलं. “खिडकीत हात घालायचा आणि आतल्या गजाला टेकवायचं. भिंत जाड आहे. वीतभर तरी पदरात पडेल.”

“आणि साहेब बघायला आले तर?”

“त्या काट्यांत? बाबांची झुडपं शेवटी कामाला आली बघ.” तो हसला. “आईच्या खोलीसाठी एवढं नाही करणार? बोलायचं काहीच नाही गं. नुसतं ‘हो’ म्हणायचं.”

नुसतं ‘हो’. लहानपणी लपंडावात राज्य असलेला जवळ आला, की भीतीने चिमी आपणहूनच बाहेर येई. हे दादाला माहीत नव्हतं असं नाही.

“अहो ताई, ऐकू येतंय ना? टेकलं का?”

तिने खिडकीत हात घातला. टेपचं पत्र्याचं टोक गजावर टकटक वाजायला लागलं. तिने दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट धरलं. तरी वाजतच राहिलं.

“टेप हलतेय!” साहेब ओरडले. “मासे धरताय का तिकडे?”

दादा हसला. जरा जास्तच मोठ्याने.

आता हो म्हणायचं. म्हणून टाकायचं. चिमीने तोंड उघडलं, आणि आतून एक गार हात तिच्या बोटांवर पडला. तिची किंकाळी ओठांपर्यंत येऊन परत फिरली.

आई होती. पलंगावरून उठून खिडकीशी आलेली.

“दे इकडे, मी धरते. केवढा हात थरथरतोय तुझा!”

“आई, सोड. तू झोप जा. सोड ना!”

“आणि इथे कशाला धरलंस? मोजायची भिंत ना?” आईने टोक तिच्या हातातून काढून घेतलं, गजांतून हात बाहेर घातला आणि ते भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दाबून धरलं. “ओ साहेब! भिंत इथे आहे बरं का. पोरगी घाबरट आहे माझी. आणि ह्यांनी मुद्दाम बाहेर घेतलीये हो ही भिंत, वीतभर. पलंगावर माझे पाय भिंतीला लागायचे ना! गवंडी नको नको म्हणत होता, पण ह्यांनी ऐकलं असेल तर शपथ.”

पलीकडचं हसणं थांबलं होतं. चिमीने डोळे मिटून घेतले. आता साहेब काटे बाजूला सारत येतील. आता विचारतील, मघाशी कुठे धरलं होतंत? आता खोली जाईल, आणि ती आपल्यामुळे जाईल.

“वीतभर कमी पडतंय,” साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. “एक तर भिंत आत घ्या, नाहीतर ही खुंटी वीतभर पलीकडे, भावाच्या वाट्यात न्या. हद्द अजून कागदावर चढलेली नाही. मला दोन्ही सारखंच.”

चिमीचा जीव भांड्यात पडला. खुंटी! हे कुणाच्या डोक्यातच कसं आलं नाही?

“हात्तिच्या! एवढंच ना?” आई हसली. कित्येक दिवसांनी हसली. “सरकव रे बाळा तेवढी खुंटी. वीतभर तर आहे.”

चिमी वाकून पानांखालून बघत राहिली. आता टाच उचलेल. आता उचलेल. बूट होता तिथेच होता.

“बाळा?” आईने पुन्हा हाक मारली. या खेपेला हळू.

टेप परत थरथरायला लागली. चिमीने घाईघाईने आपला हात आवरायला घेतला. तिचे दोन्ही हात रिकामे होते.