रिकामा मार्ग

"हे वाक्य काढ," इंद्रजीत म्हणाला.

चारुता काढेना. कळंबोलीच्या एका लोखंडाच्या गोदामात आपोआप धावणारा गाडा बसवला होता. त्याने केव्हा पळायचं, केव्हा थांबायचं, हे इंद्रजीतने गणिती चिन्हांत लिहून दिलं होतं आणि सगळं बिनचूक असल्याचं संगणकाकडून सिद्धही करून घेतलं होतं. पण ती चिन्हं गोदामाचे मालक कृष्णकांतशेठ यांच्या बापालाही कळणार नव्हती. म्हणून प्रत्येक व्याख्येखाली साध्या मराठीत अर्थ लिहायचं काम खांदा कॉलनीतल्या त्यांच्या ऑफिसात चारुताच्या गळ्यात पडलं.

बाकीच्या व्याख्या निमूट मराठीत आल्या. 'रिकामा मार्ग' अडली. तिच्याखाली चारुताने लिहिलं: 'पुढच्या वजन मोजणाऱ्या लाद्यांवर चाळीस किलोपेक्षा कमी भार असेल, तर मार्ग रिकामा समजून गाडा चालू लागतो, मग तिथे माणूस उभा का असेना.'

इंद्रजीतचं म्हणणं, इतका हलका माणूस गोदामात येतोच कशाला? चारुताने झाडूवाल्या रंभामावशींचं नाव घेतलं. गोदाम पाहायला गेली तेव्हा त्यांनीच तिला चहा पाजला होता, आणि अंगाने त्या हातातल्या खराट्यापेक्षा फार जाड नव्हत्या. व्याख्या बदलायची तर सिद्धता पहिल्यापासून करावी लागेल, म्हणून इंद्रजीत कुरकुरला. चारुताने त्याच्या डोळ्यांदेखत मजकूर शेठना पाठवून दिला.

कृष्णकांतशेठचा फोन लगेच आला. इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाले. "दुरुस्ती आजच करून घेतो. उद्या येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी चारुता पोचली, तेव्हा रंभामावशी नेमक्या गाड्याच्याच वाटेवर झाडत होत्या. सळ्यांनी लादलेला गाडा वळणावरून आला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर गाडा थांबला.

"बगा बाय, थांबला का नाय?" मावशी हसल्या. "शेठ सांगत व्हते, तुमच्यामुलंच झाला ह्या. आता थांबलाच हाय तर तेवडी पाठची गाठ सैल करा. लय काचते."

इंद्रजीतने अखेर व्याख्या बदलली असणार, या समाधानात चारुता वाटेच्या कडेला, लाद्या जिथे संपत त्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभी होती. तिथूनच हात लांब करून तिने मावशींच्या पदराखालची गाठ ओढली.

मावशींच्या कमरेचे दोन लोखंडी ठोकळे निसटून पट्ट्याबाहेर तिच्या पायाशी पडले, आणि थांबलेला गाडा चालू लागला.