कापसातली उडी

बँकेत साहेब झालेली शीतल दोन दिवसांसाठी जाफराबादजवळच्या माहेरी आली, तरी तिचे फोन काही थांबेनात. बोलता बोलता ती आतल्या खोलीत गेली आणि वेचून आणलेल्या कापसाचा कमरेइतका ढीग बघून "नंतर बोलते" म्हणाली. लहानपणी त्यात उडी मारली, की आई काठी घेऊन मागे लागायची. शीतलनं फोन खिडकीत ठेवला, दारापासून पळत आली आणि ढिगात स्वतःला झोकून दिलं. केसांत कापूस, नाकात कापूस. ती खदाखदा हसत सुटली.

आवाज ऐकून आई, दुर्गाबाई, दारात आली. शीतल चपापली. "चुकलं माय. उठून राह्यले."

दुर्गाबाईनं बाहेर कोणी नाही हे बघून दार लोटलं आणि पदर खोचला.

"सरक जराशी. परकर-पोलक्यात या घरात सून होऊन आल्ते, तव्हापासून माझी उडी राह्यलीय."