पांढरं पातळ

दुपारचे दोन वाजले तरी पातळ पांढरंच होतं.

शाळेच्या मैदानात चार बांबूंना ताणून बांधलेल्या त्या पातळाकडे देवरावला पाहवत नव्हतं. सकाळी जनसुनावणी सुरू होताच त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं, पौर्णिमेला विहारात नेसायचं आपलं पातळ तिथं बांधलं होतं. सुनावणी घ्यायला जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी सुनीती मॅडमना तिनं ठणकावून सांगितलं होतं, "आमच्यावर राख पडते का नाई, ते हे पातळच सांगन."

आणि पातळ सांगत होतं, नाही पडत!

वणीच्या कोळशावर चालणारं वीज केंद्र गावाला लागूनच होतं. आता कंपनीला दुसरी चिमणी हवी होती. पहिलीनंच गावाचा कापूस काळा केला होता. त्या साली भाव तसाही मातीत गेलेला. त्यात खरेदी केंद्रावर ग्रेडर मूठभर कापूस दाबून बघायचा, बोटं काळी झाली की गाडी बाजूला काढायला लावायचा. कंपनीचं म्हणणं काय, तर राख आमची नाही, तुमच्या बायाच कचऱ्यासकट वेचतात. हे ऐकून मथुराबाई पेटली. पहाटे दवात, पानं ओली असतानाच वेचायचं, म्हणजे वाळल्या पानाचा चुरा कापसाला लागत नाही, हे तिनं अर्ध्या गावाला शिकवलेलं. तिच्या हातच्या वेचणीला कचरा म्हणता? अन् गंमत बघा, वीज गावाच्या डोक्यावर तयार व्हायची, तिचा दर सालोसाल वाढायचा, आणि गावात मात्र बारा-बारा तास लाईन गुल!

दुसरी चिमणी आली असती तर या शिवारात कापूस पेरण्यात अर्थ उरला नसता. आणि आज ती येणार, असंच दिसत होतं.

देवरावला राग होता तो बायकोच्या तोंडाचा. पातळ बांधायचा बेत गुपचूप ठेवायचा की नाही? हिनं दोन दिवस आधी पिठाच्या चक्कीवर बोंबलून सांगितला. तोही कंपनीच्या मॅनेजरच्या ड्रायव्हरसमोर. एकदा नाही, तीनदा!

"तुयी बुढी तोंड बंद ठेवत नाई न, भाऊ," शेजारी बसलेला बाबाराव पुटपुटला. देवरावनं मान खाली घातली.

मॅनेजर उठला. स्वारी भलतीच खुशीत होती. "मॅडम, आज आमचे दोन्ही संच पूर्ण क्षमतेनं चालू आहेत. वारा गावाकडे आहे. सहा तास झाले. कुठाय राख? बाईंनी स्वतःच पुरावा दिला, त्यांचे आभार!"

मंडपात खुर्च्यांवर बसलेली कंपनीची माणसं हसली. देवरावला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

मथुराबाई उठली. पदर खोचला.

"मॅडम, साहेब बोलले ते लिवून घेतलं? चिमणी फुल चालू, वारा गावाकडं, राख नाई."

"घेतलं."

"मंग साहेबाची सही घ्या खाली."

मॅनेजरनं ऐटीत सही ठोकली.

"हंसाबाई, आन वं गाठोडं!"

बायांच्या गर्दीतून हंसाबाई आली. गाठोडं सुटलं. आत चौदा पातळं होती. सगळी पांढरी असायला हवी होती, आणि सगळी चुलीमागच्या भिंतीसारखी काळपट होती. प्रत्येकाच्या पदराला अंगणवाडीच्या ममताच्या अक्षरात तारखेची चिठ्ठी टाचलेली, खाली तलाठ्याची सही. पौर्णिमा नसताना आळीतल्या बाया रोज एक पांढरं पातळ कायले वाळत घालतात, याचा उलगडा देवरावला आत्ता झाला.

"हे कालचं. हे परवाचं. हे त्याच्या आधीचं," मथुराबाई एकेक पातळ टेबलावर टाकत गेली.

सुनीती मॅडमनी कालच्या पातळावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. "काल हीच चिमणी, हाच वारा. आज काय वेगळं आहे?"

मॅनेजर समोरचे कागद चाळू लागला.

"सांगू मी?" मथुराबाई म्हणाली. "राख धराचं यंत्र याह्यच्यापाशी हाये. पण ते यंत्र वीज खाते. ते बंद ठेवलं का तेवढी वीज जास्त इकता येते. आज चालू केलं, माह्या पातळाच्या भेवानं."

"अहो, ते रोज चालवणं परवडत नाही, मॅडम!" मॅनेजर बोलून गेला. मग जीभ चावली. पण कारकुनानं तेही लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी निकाल झाला. दुसऱ्या चिमणीचा अर्ज परत. राखेचं यंत्र रात्रंदिवस चालू, आणि त्याचा मीटर ग्रामपंचायतीला रोज बघता येईल असा लावायचा. बायांनी एकच गलका केला. 'जय भीम'च्या आरोळीनं मंडप दणाणला. बाबाराव तर देवरावच्याच गळ्यात पडला, जणू पातळं त्यानं बांधली होती! देवरावची छाती फुगली होती, पण मनातली रुखरुख जाईना.

घरी जाताना तो म्हणाला, "जिंकलो, हे खरं. पण चक्कीवर कायले बोंबलत होती वं? नशीब म्हणून निभावलं."

मथुराबाईनं पांढऱ्या पातळाची घडी काखेत धरली आणि नवऱ्याकडे बघून हसली.

"अवो, त्या दिवशी सकाळपासून ड्रायव्हरच्याच वाटेवर तर बसली होती मी. दोनदा सांगतलं, पण चक्कीच्या आवाजात त्याले काईच ऐकू गेलं नाई. मंग लाईन गेली, अन् चक्की बंद पडली."