पुराव्याचा गोटा

पुंडलिकरावांनी साहेबांच्या टेबलावर आधी फडकं पसरलं, मग त्यावर तो गोटा ठेवला. काळा, गुळगुळीत, बेलफळाएवढा. विमा कंपनीच्या नागपूरच्या कचेरीत असली वस्तू आजवर कोणी आणली नसेल. साहेब खुर्चीत मागे सरकले.

"हाच तो," पुंडलिकराव म्हणाले. बाजूच्या बाकावर त्यांच्या पत्नी अंबाबाई पदर सावरून बसल्या होत्या.

पुंडलिकराव फौजेतून सुभेदार होऊन पांढुर्ण्याला परतले, ते एक जुनी जीप घेऊन. तिच्याच विम्याची भरपाई कंपनीने नाकारली होती, आणि आज त्या नकारावरच्या अपिलाची सुनावणी होती. घडलं होतं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मधे पळसाच्या झाडाला झेंडा, आणि त्याच्यासाठी दोन्हीकडून दगडांचा पाऊस. काहून, ते कोणी विचारत नाही. बापजाद्यांपासून चालत आलं, चालू आहे.

नेमकी त्याच सकाळी तार आली. मुलगा मुकुंद, फौजेत नायक, रजेवर आला होता. ताबडतोब हजर व्हा, पलटण लंकेला निघाली, असा हुकूम. बस बंद. बापलेकांनी ठरवलं, जीपनेच नागपूर गाठायचं आणि रात्रीची मद्रासची गाडी पकडायची. मुकुंदाने जीपमध्ये पाणी भरलं, बॉनेट उघडंच ठेवलं, आणि दोघं देवीच्या पाया पडायला गेले. परत येऊन पाहतात तो अंगणभर पाणी, रेडिएटर फुटलेला, पंखा वाकलेला, आणि इंजिनात हा गोटा पडलेला.

दुसरी गाडी मिळेपर्यंत मद्रासची गाडी निघून गेली होती. मुकुंद उशिरा पोचला. पलटण समुद्र ओलांडून गेली होती. त्याला मद्रासच्या डेपोत पोती मोजायला बसवलं आणि वर चौकशी लावली, की हा खरंच अडकला होता की भिऊन मागे राहिला?

त्यात कंपनीने कळवलं, गोटमारीत गाडी नेऊन उभी करायची अन् वर भरपाई मागायची, हे चालणार नाही. नुसत्या रेडिएटरचा प्रश्न असता तर पुंडलिकरावांनी तो गिळला असता. पण कंपनीच्या लेखी जीपची गोष्टच खोटी ठरली, तर पोराचं कारणही खोटं ठरत होतं. सुभेदाराच्या पोराला भेकड म्हणावं, हे काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना. त्यांनी अपील केलं.

गोटा त्यांनी फौजेतल्या पेटीत कुलूप लावून ठेवला. "ठेवून कायले राहिले त्याले?" अंबाबाईंनी एकदा विचारलं होतं. "पुरावा आहे तो. हात लावू नको," ते म्हणाले.

घराचं मात्र यंदा सगळंच बिनसलं. ज्या लोणच्यासाठी आळी वाट्या घेऊन यायची, त्या आंब्याच्या लोणच्यालाही दसऱ्याआधीच बुरशी धरली. वजन बरोबर बसलं नाही, अंबाबाई म्हणाल्या. एकाहत्तरच्या लढाईतून न परतलेल्या आपल्या भावाच्या फोटोखाली त्या संध्याकाळभर बसून राहत. मायचं मनच थाऱ्यावर नाही, तर लोणचं काय टिकणार, असं पुंडलिकरावांना वाटे.

सुनावणीत शेजारच्या गुणवंताने सांगितलं, की जीप दिवसभर अंगणातच होती, नदीकडे गेलीच नाही. साहेबांनी गोटा उलटून पाहिला. एका अंगाला पिवळे डाग होते.

"हे काय?"

"हळद आहे साहेब. झेंड्याची पूजा होते नं नदीवर, तिथली लागली असन," पुंडलिकराव म्हणाले. म्हणजे गोटा नदीवरचाच; गोटमारीतून परतणाऱ्या कोण्या दारुड्याने कुंपणावरून भिरकावला.

साहेबांना ते पटलं. त्यांनी अंबाबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही घरीच होत्या?"

"हाव जी. सैपाकघरात होती."

"अंगणात कोणाला पाहिलं?"

"नाही जी. मी तं कोनालेच नाही पायलं."

घरच्या कोणाचा यात हात नाही ना, हा शेवटचा प्रश्न साहेबांनी पुंडलिकरावांना विचारला. विचारावाच लागतो, म्हणाले.

"साहेब, जिंदगी वर्दीत गेली. माह्या घरात खोटं चालत नाही."

अपील मंजूर झालं. मुकुंदाच्या पलटणीला तसं कळवायचंही साहेबांनी कबूल केलं. एसटी स्टँडवर पुंडलिकरावांनी गुणवंताला जिलेबी खाऊ घातली. त्यांचा ऊर भरून आला होता. वाटभर तेच बोलत होते.

घरी पोचल्यावर पाण्याचा तांब्या हातात घेत ते म्हणाले, "पोराचं नाव धुऊन निघालं बाप्पा! आता डेपोत कोण ठेवते त्याले? पाठवतीन लंकेत, पलटणीसंगं."

अंबाबाई उंबऱ्यातच थांबल्या. "पाठवतीन?"

"मंग? तेवढ्यासाठीच तं लढलो." त्यांनी फडक्यातला गोटा काढून अंबाबाईंच्या हातात दिला. "याचं काम झालं. दे नाल्यात फेकून."

त्यांनी गोटा घेतला. डोळे भरून आले होते, पण पुसले नाहीत. मग मोरीत गेल्या. पुंडलिकराव तांब्या ठेवायला मागोमाग आले आणि दारातच थबकले.

अंबाबाईंनी गोटा राखेने घासून धुतला, पदराने कोरडा केला, आणि लिंबाच्या नव्या लोणच्याच्या बरणीत, दरवर्षी ठेवत तसा, फोडींवर वजन म्हणून ठेवला.